महागडी खेळणी बाजूला ठेवून शंखशिंपल्यांची बालवाडी उभी करणाऱ्या ताराबाई मोडक

वसई पूर्वेची एव्हरशाईन सिटी. रात्रीचे साडेआठ वाजलेत. चर्चगेटहून विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या आलेले बाबा नुकतेच घरात शिरलेत. आईही अर्ध्या तासापूर्वीच ऑफिसमधून आली आहे आणि तिने कुकर लावलाय. सोफ्यावर तीन वर्षांचं पोर टॅब घेऊन बसलंय. पडद्यावर एक लाल त्रिकोण आहे आणि वर तीन भोकं आहेत. एक गोल, एक चौकोनी, एक त्रिकोणी. पोर बोटाने त्रिकोण ओढतं, गोल भोकावर नेतं, तो परत खाली येतो. मग त्रिकोणी भोकावर नेतं. टुण्ण असा आवाज होतो आणि पडदाभर चांदण्या उडतात.

आईबाबांनाही बरं वाटतं. कार्टून बघण्यापेक्षा चांगलं, निदान काहीतरी शिकतंय. शिवाय तेवढ्या वेळात भाकऱ्या होतात.

आता या लाल त्रिकोणाचीच गोष्ट घ्या. तो कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीच्या डोक्यातून आलेला नाही. शंभरेक वर्षांपूर्वी तो लाकडाचा होता. रोममधल्या एका गरीब वस्तीत तो मुलांच्या हातात पडला, तिथून भावनगरला आला, भावनगरहून दादरला आला. आणि पुढे आला तो याच पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून, वसई रोडच्या उत्तरेला, घोलवड स्टेशनजवळच्या बोर्डी नावाच्या गावात. तिथे आल्यावर मात्र त्याचं लाकूड गळून पडलं आणि त्याच्या जागी शंख, शिंपले, चिंचोके आणि माती आली.

हे करणाऱ्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

अंगणवाडी हा शब्द आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाडीपाड्यावर ठाऊक आहे. पण तो ज्यांच्या कामातून रुजला त्या ताराबाईंचं नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाबाहेर फारसं निघत नाही. त्यातही त्यांचं सगळ्यात मोठं काम आजच्या पालघर जिल्ह्यात झालं, हे पालघर जिल्ह्यात राहणाऱ्या कितीतरी आईबाबांना माहीत नसतं.

तर सुरुवातीपासून.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केसकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई दोघंही प्रार्थना समाजाच्या विचारांचे. म्हणजे मुलीने शिकावं की नाही, यावर घरात वाद होण्याचा प्रश्नच नव्हता. ताराबाई शिकत गेल्या आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात मुलगी मॅट्रिक झाली तरी गावात चर्चा व्हायची, तेव्हा ही मुलगी बीए होती.

लग्न झालं ते अमरावतीच्या वकील मोडकांशी. शिकलेली बायको, वकील नवरा, बाहेरून बघणाऱ्याला सगळं झकास. पण संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले. ताराबाईंच्या पदरात प्रभा नावाची लहान मुलगी होती.

१९२१ मध्ये नवऱ्यापासून वेगळं होऊन, तान्ही मुलगी घेऊन, स्वतःच्या पगारावर जगणं म्हणजे काय असेल याचा अंदाज आज करणंही कठीण आहे. ताराबाई सौराष्ट्रात राजकोटला गेल्या. शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन कॉलेजचं प्रमुखपद त्यांना मिळालं. चांगला पगार, मान, राहायला जागा. एकट्या बाईसाठी त्या काळात यापेक्षा सुरक्षित नोकरी दुसरी नव्हती.

इथे प्रश्न उभा राहिला तो प्रभाचा. मोठ्या मुलींना शिकवायचं कसं, हे ताराबाईंना ठाऊक होतं. पण घरातल्या या दोन-अडीच वर्षांच्या जिवाला कसं वाढवायचं? तिला मारायचं नाही, भीती घालायची नाही, मग करायचं काय? दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी समोर एक लहान मूल. वसईच्या त्या फ्लॅटमधला आणि राजकोटच्या त्या घरातला प्रश्न इथे जवळपास एकच आहे. फरक इतकाच की ताराबाईंच्या हाताशी टॅब नव्हता.

त्याच सुमारास राजकोटपासून फार लांब नसलेल्या भावनगरमध्ये एक वकील लहान मुलांबरोबर जमिनीवर बसून खेळत होता.

त्यांचं नाव गिजुभाई बधेका. मूळचे वकील, आफ्रिकेतही राहून आलेले. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं, या चिंतेपोटी त्यांनी मारिया मॉन्टेसरींची पुस्तकं हातात घेतली, आणि मग वकिली सुटली ती सुटलीच. १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. मुलं त्यांना इतकी चिकटायची की गुजरातने त्यांना मिशीवाली आई असं नाव ठेवलं.

थोडं मॉन्टेसरीबाईंविषयी, कारण तो लाल त्रिकोण त्यांच्याकडून आलाय. मारिया मॉन्टेसरी या इटलीतल्या डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत त्यांनी मुलांसाठी एक घर उघडलं. आईबाप कामावर जायचे आणि मुलं दिवसभर जिन्यात धुडगूस घालायची, भिंती खराब करायची, म्हणून इमारतीच्या मालकांनाच त्यांची सोय करायची होती. मॉन्टेसरीबाईंनी त्या मुलांपुढे लाकडी वस्तू ठेवल्या. खाचेत बसणारे गोल-त्रिकोण-चौकोन. कमी-जास्त जाडीचे दट्टे आणि त्यांच्या मापाची भोकं. एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत वाढत जाणारे दहा गुलाबी ठोकळे.

या वस्तूंमधली खरी हुशारी वेगळीच होती. मूल चुकलं की ते त्याला वस्तूच सांगायची. जाडा दट्ट्या बारीक भोकात जाणारच नाही. शेवटी एक दट्ट्या उरला, तर कुठेतरी गडबड झालीय हे मुलालाच कळणार. मोठ्या माणसाने चूक, चूक म्हणून ओरडायची गरजच संपली.

त्या घरातली एक प्रसिद्ध घटना आहे. तीनेक वर्षांची एक मुलगी दट्टे काढायची आणि परत भोकात बसवायची. मॉन्टेसरीबाईंनी बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं, तिच्याभोवती फिरायला लावलं. ती हलली नाही. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने दट्टे मांडीवर घेतले आणि तिथे बसून तेच सुरू ठेवलं. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं आणि मग आपणहून थांबली, झोपेतून उठल्यासारखी ताजीतवानी. लहान मूल पाच मिनिटं एका जागी टिकत नाही, हा मोठ्यांचा समज त्या दिवशी खोटा ठरला. त्याला कोणी मध्येच उठवलं नाही तर ते टिकतं.

आता परत टॅबकडे बघा. त्रिकोण खाचेत बसला की चांदण्या उडतात, दुसऱ्यांदा बसला की टाळ्या वाजतात आणि तिसऱ्यांदा जाहिरात येते. पोराला जाहिरात बंद करायची फुली सापडत नाही, म्हणून ते टॅब घेऊन स्वयंपाकघरात पळतं. फुकटातल्या बहुतेक गेममध्ये हेच होतं. चाळीस वेळा तेच करू देणारा गेम विरळा, कारण मूल एकाच पायरीवर रमलं तर पुढचं विकायचं कधी? दुसरी गोष्ट वजनाची. दहा सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा उचलायला मुलाला दोन्ही हात लागतात आणि एक सेंटीमीटरचा दोन बोटांच्या चिमटीत येतो. लहान-मोठं म्हणजे काय ते हाताला कळतं. काचेवर दोन्ही ठोकळे एकाच बोटाने सरकतात.

याचा अर्थ कॉम्प्युटर गेम म्हणजे सगळा कचरा असंही नाही बरं का. सिमसिटी नावाचा शहर वसवायचा गेम १९८९ मध्ये आला, पुढे २००० मध्ये द सिम्स आला. दोन्ही जगभर तुफान खेळले गेले. ते बनवणारा विल राईट हा लहानपणी मॉन्टेसरी शाळेत गेलेला मुलगा, आणि आपल्या गेममागे त्या शाळेतल्या खेळण्यांचा हात आहे हे त्याने जाहीरपणे मान्य केलंय. त्या गेममध्ये बरोबर-चूक सांगणारं कोणी नसतं. रस्ते चुकीचे आखले की ट्रॅफिक तुंबतो आणि खेळणाऱ्याला आपोआप कळतं. म्हणजे तोच जाडा दट्ट्या आणि तेच बारीक भोक.

असो. तर ताराबाई.

१९२३ मध्ये त्यांनी राजकोटची मानाची नोकरी सोडली आणि भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या. प्रभा बरोबर होतीच. मराठी बाई, गुजराती बालमंदिर. ताराबाई गुजराती तर बोलायला लागल्याच, पण गुजरातीत लिहायलाही लागल्या. गिजुभाईंबरोबर मुलांसाठी आणि पालकांसाठी त्यांनी ढीगभर पुस्तकं तयार केली. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ काढला आणि शिक्षणपत्रिका नावाचं गुजराती मासिक सुरू केलं.

ही पत्रिका का महत्त्वाची, तर दोघांच्याही एक गोष्ट लक्षात आली होती. मूल बालमंदिरात तीन-चार तास असतं, उरलेला दिवस घरी. बालमंदिरात त्याला स्वतःच्या हाताने पाणी ओतू द्यायचं आणि घरी आईने सांडशील म्हणून पेला काढून घ्यायचा. बालमंदिरात कोणी हात उगारायचा नाही आणि घरी वडिलांनी कान पिळायचा. मग उपयोग काय? म्हणून मुलाआधी आईबापांची शाळा घ्यायला हवी, असं ठरलं. शिक्षणपत्रिका ही ती शाळा.

१९३३ मध्ये ताराबाईंनी मराठी शिक्षणपत्रिका काढली. तोवर त्यांचा मुक्काम मुंबईकडे वळला होता. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं आणि शिक्षिका तयार करायचं अध्यापन मंदिरही. आज मुंबईत प्लेग्रुप, नर्सरी, ज्युनिअर केजीच्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलाला काही शिकवायचं असतं हीच कल्पना लोकांना चमत्कारिक वाटायची. इतक्या लहान पोरांना शिकवायचं काय, आणि नुसती खेळणार असतील तर फी कशाची द्यायची?

ताराबाईंचं सगळं काम या नुसती शब्दाशी भांडण्यात गेलं असं म्हटलं तरी चालेल. मोठ्यांना ऑफिस जसं, तसं मुलाला खेळ. ते त्याचं काम आहे. आणि कोणी काम करत असेल तर शेजारच्याने दोन गोष्टी करायच्या नसतात. त्याच्या हातातून ते काढून घ्यायचं नसतं आणि त्याला एकट्याला टाकून जायचं नसतं. आपण नेमकं या दोन टोकांना असतो. एकतर मुलाच्या हातात खेळणं देऊन निघून जायचं, किंवा शेजारी बसलो की दोन मिनिटांत, अरे तिकडे नाही, इकडे लाव, दे मी करतो असं करत स्वतःच खेळून मोकळं व्हायचं. या दोन्हींच्या मधली जागा अवघड आहे. तिथे बसून, गप्प राहून, बघायचं. मुलाने मागितली तेवढीच मदत करायची. बालविकास व शिस्त, बालकांचा हट्ट अशी पुस्तकं ताराबाईंनी लिहिली ती अशा रोजच्या घरगुती प्रश्नांसाठीच.

१९३९ मध्ये गिजुभाई गेले. वय फक्त ५३. ताराबाईंवर कामाचा सगळा भार आला.

दादरला सगळं छान चाललं होतं. शिकलेले पालक, फी भरू शकणारी घरं, लाकडी साहित्याने भरलेली कपाटं. ताराबाई पन्नाशी ओलांडलेल्या. इथेच थांबल्या असत्या तरी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचं नाव राहिलंच असतं. पण देशातली बहुतेक मुलं हिंदू कॉलनीत राहत नाहीत, ही गोष्ट त्यांना गप्प बसू देत नव्हती. मॉन्टेसरीची पद्धत जर फक्त पैसेवाल्यांच्या पोरांसाठी असेल, तर तिचा या देशाला उपयोग किती?

म्हणून त्यांनी खेड्यात जायचं ठरवलं. गाव निवडलं बोर्डी. तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर. एका बाजूला समुद्र, किनाऱ्याला सुरूची झाडं, आत चिकूच्या वाड्या. आचार्य भिसे यांच्यासारखी शिक्षणाला वाहून घेतलेली माणसं तिथे आधीच काम करत होती. २४ डिसेंबर १९४५ ला बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

ती वेळही बघा. त्याच १९४५ मध्ये डहाणू-उंबरगाव भागात वारली पेटून उठले होते. वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकर आणि त्यांचे साथी पाड्यापाड्यांवर फिरत होते. ज्या घरांत दोन वेळची पेज मिळेल की नाही याची खात्री नाही, त्या घरांतल्या तीन वर्षांच्या मुलाला खेळायला बोलवायचं, हे काम ताराबाईंनी अंगावर घेतलं होतं.

या कामात त्यांना एक जोडीदार मिळाली. अनुताई वाघ. लहानपणी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेली, पुढे शिकून शिक्षिका झालेली ३५ वर्षांची बाई. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई बोर्डीला आल्या. त्या पुन्हा कधी मागे फिरल्या नाहीत.

बोर्डीत पहिला फटका बसला तो दादरच्या अनुभवालाच. बालवाडी तर उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं यायला तयार नव्हती. गावातल्या बऱ्या घरची मुलं आली. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं मात्र बाहेरच. कारणं बरीच होती. सवर्णांच्या पोरांशेजारी आपलं पोर बसवायचं ही भीती होती. अंगावर धड कपडे नाहीत याची लाज होती. आईबाप पहाटेच मजुरीला जाणार, मग मुलाला बालवाडीत सोडणार कोण? आणि एवढं करून मिळणार काय, तर खेळ. खेळ तर पोरं तशीही खेळतातच की.

इथे बहुतेक लोक म्हणाले असते की या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही. ताराबाईंनी तसं म्हटलं नाही. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीची जागा चुकली, असा त्यांनी अर्थ काढला. जाडा दट्ट्या बारीक भोकात जात नाही, तेव्हा दोष दट्ट्याला द्यायचा नसतो.

मग बालवाडीच वस्तीत गेली. सकाळी बाया वस्तीवर जायच्या, एखाद्याचं अंगण झाडायच्या आणि तिथेच मांडामांड करायच्या. आधी मुलांचे हातपाय धुणं, नाक पुसणं, केस विंचरणं, नखं कापणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. ना इमारत, ना बाक, ना घंटा. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणून अंगणवाडी.

यात आणखी एक गोष्ट झाली. अंगणात बालवाडी भरली की आज्या ओट्यावर बसून बघायच्या. तान्हं काखेत घेतलेल्या आया दारात उभ्या राहायच्या. मुलं काय करतात, बाई त्यांच्याशी कशा बोलतात, हे आपोआप डोळ्यांसमोर घडायचं. शहरात ज्यासाठी मासिक काढावं लागलं, ते इथे वाचता न येणाऱ्या घरातही पोचलं. पालकांची शाळा वेगळी भरवायची गरजच उरली नाही.

खेळण्यांचंही तेच. मॉन्टेसरीचं लाकडी साहित्य महाग, आणि गावात मोडलं तर दुरुस्त कोण करणार? ताराबाई आणि अनुताईंनी आजूबाजूला बघितलं. समोर समुद्र होता, म्हणजे शंखशिंपले हवे तेवढे. लहान-मोठे लावायला शिंपले. मोजायला चिंचोके आणि खडे. रंग जुळवायला पानं-फुलं. आकार करायला माती. बांबूच्या काड्या, झाडांच्या बिया, शेंगा. तत्त्व तेच, जे रोमच्या त्या लाकडी दट्ट्यांत होतं. हाताने करायचं, चूक स्वतःला कळली पाहिजे, आणि मुलाचं मन भरेपर्यंत मध्ये कोणी पडायचं नाही. लाकूड काय नि शिंपला काय, तत्त्वाला त्याने फरक पडत नव्हता. महागडा संच म्हणजेच मॉन्टेसरी असं मानणाऱ्यांना हे फारसं रुचणारं नव्हतं, पण आपल्याकडे लाखो मुलांपर्यंत पोचायला दुसरा रस्ताही नव्हता.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडला गेलं. कोसबाडची टेकडी, भोवती वारल्यांचे पाडे. ताराबाई आता ६५ वर्षांच्या. या वयात माणसं निवृत्तीनंतरच्या फ्लॅटची जागा बघतात, बाईंनी टेकडी बघितली.

तिथे नवा पेच होता. थोडी मोठी मुलं, म्हणजे सात-आठ वर्षांची, शाळेत का येत नाहीत? चौकशी केल्यावर कळलं की मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि मुलगे गुरं राखतात. मग कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली गेली. ताईने कडेवरच्या बाळासकट यायचं, बाळाला पाळणाघरात ठेवायचं, मधल्या भावाला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. या रचनेचं नाव विकासवाडी. गुराख्यांसाठी तर शाळाच कुरणात गेली. गुरं चरतायत आणि झाडाखाली वर्ग चाललाय. तिचं नावही साधंसरळ, कुरणशाळा. दिवसा अजिबात न जमणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा होती.

बाईंची कामाची रीत एकदा कळली की हे सगळं एकाच माळेतलं दिसतं. मुलाच्या दिवसात शिरायचं, तो कुठे अडलाय ते बघायचं, आणि तिथे जाऊन बसायचं.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल एवढंच म्हणता येईल की दुसऱ्यांच्या मुलांना वाढवताना स्वतःच्या संसाराची पडझड त्यांनी आयुष्यभर सोबत वागवली. त्यांच्या जीवनावर आधारलेलं रत्नाकर मतकरींचं नाटक मराठी रंगभूमीवर आलं, त्याचं नाव घर तिघांचं हवं. आई, बाप आणि मूल, या तिघांचं घर ताराबाईंना मिळालं नाही.

३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या.

दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. गावागावात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पोषण, आरोग्य आणि शाळेआधीचं शिक्षण देणारी केंद्रं उघडली, आणि त्या केंद्रांचं नाव ठेवलं अंगणवाडी. आज देशात अशा अंगणवाड्या लाखांच्या घरात आहेत. वसई-विरारमध्येही त्या आहेत, कुठे चाळीतल्या खोलीत, कुठे समाजमंदिरात. टॉवरमधल्या आईबाबांना त्या फक्त पोलिओच्या डोसापुरत्या ठाऊक असतात.

कोसबाडला अनुताई मागे राहिल्या. त्यांनी पुढची १९ वर्षं, १९९२ मध्ये जाईपर्यंत, तेच काम चालवलं. त्यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांचं कोसबाडच्या टेकडीवरून हे पुस्तक आजही वाचलं जातं.

आता राहिला तो टॅब. ताराबाईंच्या काळात तो नव्हता, त्यामुळे त्या काय म्हणाल्या असत्या हे त्यांच्या तोंडी घालण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय ते असं की दोन वर्षांखालच्या मुलांनी पडद्यासमोर बसूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी असेल तर उत्तम. त्या एका तासात काय करायचं, याची सोय मात्र बोर्डीच्या अंगणातून उचलता येते. टॅब मुलाच्या मांडीवर न देता दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवायचा. आवाज बंद, नेट बंद, म्हणजे नेटवरून येणाऱ्या जाहिराती थांबतात. एक चाल मुलाची, एक बाबांची. मुलाचा त्रिकोण गोल भोकात जात नसेल तर बाबांनी हाताची घडी घालून बसायचं, हे सगळ्यात कठीण. आणि पंधरा मिनिटांनी टॅब उचलून ठेवला की स्वयंपाकघरातले डबे खाली काढायचे. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं? इथे चांदण्या उडत नाहीत, पण झाकण बसलं की टक्क असा आवाज येतो आणि तो मुलाने स्वतःच्या हाताने काढलेला असतो. भाकऱ्यांना उशीर होईल, एखादा डबा आपटेल, हे धरून चालायचं.

रविवारी वेळ मिळाला तर वसई रोडहून डहाणूची लोकल धरता येते. डहाणू रोडच्या पुढचं स्टेशन घोलवड. तिथून बोर्डीचा किनारा जवळ आहे. ओहोटीच्या वेळी वाळूत लहान-मोठे शिंपले पडलेले असतात. जाताना एक रिकामी पिशवी बरोबर ठेवा.